कॅन्सर विभागातला धूम्रपानमुक्ती कक्ष : पाचपैकी चार तारे

घशाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा मी म्हटलं, जे व्हायचं ते होऊन बसलंय, आता सिगारेट सोडून काय मिळणार? इथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत त्याचं उत्तर दिलं, आणि एका शब्दाचाही उपदेश न करता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, गाठीपर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गाठीवर रेडिएशन नीट लागू पडत नाही. म्हणजे मशीनखाली झोपून यायचं आणि बाहेर येऊन झुरका मारायचा, हा आपल्याच उपचारावर पाणी ओतायचा प्रकार. ‘सोडा’ म्हणणारे आयुष्यभर भेटले. कशासाठी, ते इथे कळलं.

कक्षात स्वतःहून नाव नोंदवावं लागत नाही. रेडिओथेरपीची फाइल उघडली की रक्ततपासणीसारखी ही भेटही आपोआप ठरते, नको असेल तर तुम्ही नाही म्हणायचं. मी आपण होऊन कधीच पायरी चढलो नसतो. कॅन्सर झालेल्या सिगारेटवाल्याला तसंही वाटतच असतं की समोरचा मनात ‘भोगा आता’ म्हणतोय.

सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते, हा त्यांचा आवडता प्रश्न. माझं उत्तर ऐकून थेट 21 मिलिग्रॅमचा, कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आला, शिवाय मधेच तल्लफ उसळली तर निकोटिनचं च्युइंगम. पॅच दिवसभर संथपणे काम करतो, च्युइंगम ऐन वेळी. एकापेक्षा दोन्ही मिळून जास्त उपयोगी. पण रेडिएशन पुढे सरकलं तसं माझं तोंड आतून सोलून निघालं आणि ते च्युइंगम चावणं अशक्य झालं. नर्सने बघितलं, डॉक्टरांना विचारलं, तिथल्या तिथे ते बंद करून तल्लफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या. (स्वप्नं मात्र काय एकेक पडतात! मळमळ नको असेल तर गोळी खाऊन झाल्यावर, ग्लासभर पाण्यासोबत घ्या.)

शेजारी बसणाऱ्या स्तनांच्या कॅन्सरच्या ताईंना कुणीतरी बाहेरून ब्युप्रोपिऑन, म्हणजे सिगारेट सोडवायचं आणखी एक औषध, लिहून दिलं होतं. इथल्या फार्मासिस्टने ते थांबवलं, कारण त्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेतात आणि ब्युप्रोपिऑनमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. व्यसनमुक्तीवाला आणि कॅन्सरवाला एकाच फाइलीत बघत असले की हे असं सापडतं. वेगवेगळ्या इमारतीत बसले असते तर कोण बघणार होतं?

फुंकर मारायचं यंत्रही आहे, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. एकदोन दिवसांतच आकडा खाली येतो, त्यामुळे थापा चालत नाहीत. मधे एकदा माझा आकडा वर गेला तेव्हा बाई रागावल्या नाहीत, फक्त ‘कुठे ओढलीत?’ एवढंच विचारलं आणि त्या वेळेला काय करायचं ते ठरवून दिलं.

आता गेलेला तारा. रेडिएशन संपलं तसे कक्षाचे फोनही संपले. उपचार चालू असताना भीतीच्या जोरावर माणूस सोडतो हो. खरी परीक्षा घरी परतल्यावर, रिपोर्ट चांगला आल्यावर सुरू होते. वर्षभर तरी पाठपुरावा हवा. आणि मला रोज घेऊन येणारा माझा भाऊ माझी पाळी येईपर्यंत फाटकाबाहेर ओढत उभा असायचा. त्याचंही नाव घाला म्हटलं तर उत्तर मिळालं, ‘नातेवाइकांची सोय नाही.’