पाऊण इंची क्लिक टॉर्क रेंच: ट्रकच्या पुढच्या सस्पेन्शनच्या कामात कितपत उपयोगी?

पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग), ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट, पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या शॅकलची पिन किंवा तिथले बुश बदलायचे असतील तर पाऊण इंच ड्राइव्हचा (ड्राइव्ह म्हणजे सॉकेट बसतं ते चौकोनी टोक), साधारण १०० ते ६०० न्यूटन-मीटरचा (हे पिळाच्या जोराचं एकक) क्लिक टॉर्क रेंच, म्हणजे लावलेला आकडा आला की टक् करणारा पाना, घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. मात्र हा एकच रेंच घेऊन सगळं सस्पेन्शन आवळायला निघालात, तर निम्म्या जागी तो चुकीचा आकडा देईल आणि उरलेल्या निम्म्यांपैकी काही जागी पोहोचणारच नाही. म्हणून त्याचे गुण सांगताना मर्यादाही तेवढ्याच तपशिलाने सांगतो.

आधी अचूकता. टॉर्क रेंचच्या आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला ४ टक्के कमी-जास्त चालतं, आणि ही हमी कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून पुढे धरली जाते. म्हणजे ६०० च्या रेंचवर १२० च्या खालचा आकडा लावून उपयोग नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे नट, ब्रॅकेटचे एम१२ (१२ मिमी व्यासाचे) बोल्ट, स्टॅबिलायझर बारच्या लिंका हे सगळं त्या हद्दीच्या आसपास किंवा खाली येतं. त्यासाठी अर्ध्या इंचाचा ४० ते २०० चा दुसरा रेंच लागतोच. मोठ्या रेंचवर सर्वात खालचा १०० चा आकडा लावला की लांब दांड्यामुळे टक् हाताला जाणवतच नाही, आणि तेवढ्यात बोल्ट पिळवटून जातो.

आता मुख्य काम, यू-बोल्टचं. इथे हा रेंच खरोखर पैसे वसूल करून देतो. एम१६ ते एम२४ चे यू-बोल्ट नट २०० ते ७०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात येतात; नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. ६०० न्यूटन-मीटरला एक मीटर दांड्याच्या टोकाशी सुमारे ६१ किलोचा जोर लागतो. गाडीखाली आडवं पडून तेवढा जोर सलग लावता येत नाही. झटके बसतात आणि झटक्याने आलेला टक् खोटा असतो. म्हणून जॅक लावून एक्सल बीमखाली स्टँड द्यावेत, चाक काढावं, आणि दांडा बाहेरच्या बाजूला येईल असं बसावं. स्टँड एक्सलखालीच हवेत, चेसीखाली नकोत. चेसीखाली दिले तर पाटे लोंबकळतात, वजन त्यांच्यावर येत नाही, आणि आवळलेला यू-बोल्ट गाडी खाली उतरवताच सैल पडतो.

पद्धत अशी. चारही नट आधी हाताने बसवून नटाबाहेर आलेले आटे सारखे दिसतात का ते पाहा. यू-बोल्टच्या एका पायाचे आटे ८ मिमी आणि दुसऱ्याचे २० मिमी बाहेर असतील तर नटांखालची पट्टी तिरकी बसली आहे. पुढे जाऊ नका. मग तिरकस क्रमाने, म्हणजे पुढचा आतला, मागचा बाहेरचा, पुढचा बाहेरचा, मागचा आतला, असे टप्पे घ्या: मॅन्युअलच्या आकड्याचा सुमारे तिसरा भाग, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. शेवटी पूर्ण आकड्यावर आणखी एक फेरी. पहिला नट दुसऱ्या फेरीत पुन्हा फिरतो, कारण बाकीचे आवळताना पाट्यांची गड्डी दबलेली असते. कुठलाच नट न हलता चारही जागी टक् आला तरच काम झालं. एकच नट आधी पूर्ण आवळून मग पुढचा घेणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि तिचा परिणाम महिन्यांनी दिसतो: गड्डी सैल, सेंटर बोल्ट कापलेला, किंवा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातूनच मोडलेला. सेंटर बोल्ट फक्त एक्सल जागेवर ठेवण्यासाठी असतो. भार धरून ठेवायचं काम यू-बोल्टच्या दाबाचं आहे.

रेंच कितीही चांगला असला तरी तो फक्त पिळ मोजतो. बोल्टमध्ये आलेला ताण त्याला कळत नाही. लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने ५० टक्के नटाच्या तळाशी, ४० टक्के आट्यांमध्ये घर्षणात जातो आणि जेमतेम १० टक्के ताण बनतो. म्हणजे घर्षण बदललं की सगळा हिशेब बदलतो. एम२० × १.५ चा (२० मिमी व्यास, आट्यांत १.५ मिमी अंतर) १०.९ या ताकदीच्या दर्जाचा बोल्ट घ्या. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर ६०० न्यूटन-मीटरला साधारण १५० किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे १५ टन. त्याच आट्यांना मॉलिब्डेनम ग्रीस भरपूर लावून तोच आकडा लावला, तर ताण २३० च्या घरात जातो आणि त्या बोल्टचं प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता तो पेलू शकतो तो भार, सुमारे २२६ आहे. दोन्ही वेळा रेंचने टक् एकसारखाच वाजवला. म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, हे आधी वाचा, आणि जे लिहिलं असेल तेच करा. अंगठ्याने ग्रीस फासण्याची सवय इथे महागात पडते. उलट गंजलेल्या आट्यांवर तोच आकडा लावला तर ताण खूपच कमी येतो. त्यामुळे यू-बोल्ट आणि नट नवेच घ्या, जुने परत वापरू नका; आवळताना आटे ताणले गेलेले असतात. पाट्याची बैठक, एक्सलचा पृष्ठभाग आणि खालची पट्टी तारेच्या ब्रशने धातूपर्यंत घासा. जाड रंगाचा थर मध्ये राहिला तर तो काही दिवसांत चेपतो आणि तेवढा ताण बोल्टमधून निघून जातो.

वापरताना काही गोष्टी हातात बसायला हव्यात. दांड्याच्या खरखरीत पकडीच्या मधोमध हात धरायचा. पाइप लावून दांडा लांबवायचा नाही, त्याने आकडा बिघडतो आणि आतली कळ वाकते. एकदा टक् आला की थांबायचं. खात्री म्हणून दुसऱ्यांदा ओढलं की नट पुढे सरकतोच. शेवटच्या तपासणीच्या फेरीआधीच टक् आला पण नट हललाच नाही, तर तो आकडा आधीच्या जामपणाचा आहे: अर्धा फेरा सोडा आणि एका सलग ओढीत पुन्हा आवळा. न्यूमॅटिक गनने नट नुसता जागेवर आणावा, शेवटचा जोर रेंचनेच द्यावा. गनने ठासून आवळलेल्या नटावर वाजलेला टक् एवढंच सांगतो की जोर लावलेल्या आकड्याइतका तरी आहे. तो दीडपट असेल तर रेंचला ते कळणार नाही.

आम्हाला या रेंचमधली सर्वात मोठी त्रुटी वाटली ती जाड डोक्याची. एक्सल आणि ब्रेक चेंबरच्या अडचणीत ते शिरत नाही. तिथे सरळ एक्स्टेंशन बार लावला तर आकडा बदलत नाही, फक्त तो डोलू नये. क्रोफूट अडॅप्टर (नटावर बाजूने बसणारं उघड्या तोंडाचं जोड-डोकं) पुढे सरळ रेषेत लावला तर मात्र दांडा लांबतो. पकडीपर्यंत रेंच १००० मिमी आणि अडॅप्टर ८० मिमी असेल, तर ५०० हवेत तेव्हा ५०० × १००० ÷ १०८० म्हणजे ४६३ लावायचे. अडॅप्टर काटकोनात ठेवला तर हिशेब करावा लागत नाही. जमेल तिथे तेच करा.

एककांचाही घोळ होतो, कारण बहुतेक रेंचवर दोन पट्ट्या छापलेल्या असतात. मॅन्युअल ४०० फूट-पाउंड म्हणतं, आणि न्यूटन-मीटरच्या पट्टीवर ४०० लावले, तर खरे लागणारे ५४२ सोडून चौथ्या हिश्शाहून जास्त जोर कमी पडतो. किलोग्रॅम-मीटर असेल तर ९.८१ ने गुणा.

बुशचे बोल्ट या रेंचने आवळायला सोपे आहेत, पण वेळ चुकली तर आकडा बरोबर येऊनही काम वाया. रबर बुश असलेल्या पाट्याच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आधी नुसते बेताने लावा, गाडी चाकांवर उतरवून पाटे नेहमीच्या उंचीला बसू द्या, आणि मग पूर्ण आकडा लावा. लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टाय रॉड एंडच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्याच्या) खाचांच्या नटाला आकडा लावल्यावर कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच फिरवा, मागे कधीच नाही. आणि जिथे मॅन्युअल जोरानंतर ९० अंश असा कोन सांगतं, तिथे अँगल गेज वेगळं घ्यावं लागतं. ते बोल्ट सहसा पुन्हा वापरण्यासाठी नसतात.

पहिल्या ५०० ते १००० किमीनंतर, किंवा मॅन्युअल सांगेल तेव्हा, वजन पाट्यांवर असतानाच यू-बोल्ट त्याच आकड्यावर पुन्हा तपासा. नट आणि आट्यांवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवली तर नट सरकला का ते डोळ्यांनीच कळतं. रेंच ठेवताना पट्टी सर्वात खालच्या आकड्यावर आणावी, त्याच्याही खाली नाही. जाम नट सोडवायला तो वापरू नये, आणि ५००० वापरांनंतर किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, कॅलिब्रेशन करून घ्यावं. जमिनीवर आदळला तर तेवढीही वाट न पाहता.