सोडियम पायरुवेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं राफ्ट पॉलिमरायझेशन (पॉलिमरच्या साखळ्या नियंत्रित लांबीपर्यंत वाढवण्याची पद्धत) पाण्यात आणि ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये चालतं, एका वेलमध्ये जेमतेम २०० मायक्रोलिटर. ऑक्सिजन साखळ्यांची वाढ थांबवतो, पण तो घालवायला एवढ्याशा द्रावणात नायट्रोजन सोडायचा कसा? म्हणून ग्लुकोज ऑक्सिडेज. हे एन्झाइम ग्लुकोजच्या बदल्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतं आणि प्लेट उघडी असली तरी साखळ्या वाढतात.

पण ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो. २५ अंशांना हवेच्या संपर्कातल्या पाण्यात ऑक्सिजन असतोच साधारण ०.२५ मिलीमोलर, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलं. उघड्या प्लेटमध्ये वरून हवा उतरतच राहते आणि पेरॉक्साइड साठत जातं. ट्रायथायोकार्बोनेटचा, म्हणजे साखळीच्या टोकावरच्या राफ्ट गटाचा, पिवळा रंग सकाळपर्यंत फिका पडायचा. एकदा पेरॉक्साइड तपासायची पट्टी बुडवली, तर ती गडद निळी झाली. राफ्टचं टोकच गेलं, तर पुढचा ब्लॉक, म्हणजे साखळीचा पुढचा तुकडा, चढणार कशावर?

आधी कॅटालेज वापरलं. ते पेरॉक्साइड मोडतं खरं, पण दोन रेणूंमागे एक ऑक्सिजन परत देतं. म्हणजे अर्धं काम पुन्हा करा. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडच्या वाटेला गेलोच नाही, कारण पेरॉक्साइडसोबत ते स्वतःच रॅडिकल (नव्या साखळ्या सुरू करू शकणारे अतिक्रियाशील कण) तयार करतं.

पायरुवेटचं तसं नाही. ते पेरॉक्साइडला एकास एक धरतं. मागे उरतं अ‍ॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ऑक्सिजन परत येत नाही, आणि साखळीच्या टोकावरच्या रॅडिकलला धक्का लागल्याचं मला आजवर दिसलेलं नाही. मला हवा होता तो हाच निवडकपणा. मी ग्लुकोजइतकंच घेतो, दोन्ही १०० मिलीमोलर. इनिशिएटर (साखळ्या सुरू करणारं रसायन) व्हीए-०४४ आहे, त्यामुळे ४५ अंशांवर भागतं आणि एन्झाइमही तग धरतं.

त्रास आहेत. द्रावण रोज ताजं करावं लागतं. ठेवलेल्या द्रावणात पायरुवेटचे रेणू आपसात जुळतात. मार्चमध्ये आठवड्याचं द्रावण वापरून मी अख्खी प्लेट घालवली. ग्लुकोजपासून बनणाऱ्या ग्लुकॉनिक अ‍ॅसिडमुळे पीएच उतरतो, त्यामुळे बफरमध्ये कंजुषी नको. शेवटी हे छोटे रेणू काढायला डायलिसिस (पातळ पडद्यातून धुणं) करावंच लागतं. सेंद्रिय द्रावकात काम करणाऱ्यांना मात्र हे सुचवणार नाही; तिथे एन्झाइमच टिकत नाही.

सध्या डायमिथाइलअ‍ॅक्रिलामाइडचा तिसरा ब्लॉक चालू आहे. काल संध्याकाळी लावलेली प्लेट आज सकाळी उजेडात धरून पाहिली. सगळे वेल पिवळे होते, आणि पट्टी पांढरीच राहिली.