‘लाइफटाइम गॅरंटी’ कशाची, ते आधी विचारा

घरात कोणाचे दाताचे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) करायचे चालले असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

माझ्या आईच्या खालच्या दोन दाढा गेल्या होत्या. दवाखान्यात तिला सांगितलं, ‘कवळी नको, ब्रिज नको, इम्प्लांट करा, मग आयुष्यभर बघायला नको.’ हातात एक चकचकीत कार्ड दिलं. त्यावर लाइफटाइम गॅरंटी आणि एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं नाव. सगळे पैसे आगाऊ घेतले. तिसऱ्या वर्षी एक दाढ हलायला लागली, हिरडी दाबली की पू यायचा. तेव्हा त्याच दवाखान्याने सांगितलं की गॅरंटी फक्त हाडातल्या स्क्रूची आहे. कंपनी नवा स्क्रू देईल. तो बसवायची फी, हाड भरायचा खर्च, वरची कॅप (म्हणजे स्क्रूवर बसणारा दिसणारा दात), सगळं पुन्हा आमच्याकडे. वर म्हणाले, दर सहा महिन्यांनी तपासणीला आला नाहीत, त्यामुळे तीही गॅरंटी गेली. ही अट कार्डावर कुठेही छापलेली नाही. कार्ड अजून माझ्याकडे आहे.

इम्प्लांट टिकत नाहीत असं मी म्हणत नाही. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते सशाच्या हाडावर प्रयोग करताना. 1965 मध्ये त्यांनी ज्या पहिल्या रुग्णाला दात बसवले, त्याचे इम्प्लांट चाळीस वर्षांहून जास्त, त्याच्या मृत्यूपर्यंत चालले. हीच गोष्ट आम्हालाही ऐकवली गेली. ती खरी आहे. 10 वर्षांनंतरही 90 टक्क्यांहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात, हेही खरं आहे. पण स्क्रू मोडून इम्प्लांट जाणं विरळा. जातं ते बहुधा भोवतालचं हाड, आणि हाडाची गॅरंटी कोणतंच कार्ड देत नाही. कॅपचं आयुष्य तर वेगळंच. ती साधारण 10 ते 15 वर्षांनी बदलावी लागू शकते. हे आईला कोणी सांगितलं नाही.

आईला मधुमेह आहे, हे फॉर्मवर लिहिलेलं होतं. तरी शस्त्रक्रियेआधी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासायला सांगितलं नाही. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि हिरडीचा संसर्ग लवकर पसरतो. हाडाची रुंदी दाखवणारा सीबीसीटी स्कॅन केला नाही, एका छोट्या एक्स-रेवर काम उरकलं. स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने देतात. लगेच दात बसवण्याची पद्धत आहे, पण त्याला हाड चांगलं आणि स्क्रूची पकड भक्कम लागते. इथे पकड मोजल्याची नोंदच नाही, आणि चावण्याचा सगळा भार घेणाऱ्या दाढा काही दिवसांत बसवून टाकल्या. खऱ्या दाताला मुळाभोवती तंतूंची गादी असते. इम्प्लांटला ती नसते. म्हणून आत हाड झिजत असलं तरी बराच काळ दुखत नाही. आईला काहीच जाणवलं नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी हिरडी उघडली तेव्हा कॅप चिकटवतानाचं सिमेंट खाली तसंच राहिलेलं निघालं. त्याच्याभोवतीच संसर्ग झाला होता. पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी असावी, हा निकष 1986 पासून वापरात आहे. पण मोजायचं कशाशी? दाढ बसवली त्या दिवसाचा एक्स-रे दवाखान्याकडे नव्हता.

आणि खरी फसवणूक त्यानंतर कळली. एक्स-रेत दिसणारे स्क्रूचे आटे कार्डावरच्या कंपनीचे नाहीत, असं या डॉक्टरांचं स्पष्ट मत पडलं. स्क्रूचा आतला सांधा आणि तो फिरवायचं अवजार कंपनीगणिक वेगळं असतं. कोणता स्क्रू आहे हेच माहीत नसल्याने दुसऱ्या दाढेची कॅप कापून काढावी लागली. ती दाढ साफसफाईने वाचली. हललेला इम्प्लांट मात्र काढला, आणि आता तिथे हाड उरलेलं नाही.

इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट नंबर असलेले स्टिकर असतात, ते निघतात. त्यातला एक तुमच्या फाइलवर आणि एक तुमच्या हातात, शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागा. पाकीट तुमच्यासमोर उघडायला सांगा. गॅरंटीत स्क्रू, कॅप आणि डॉक्टरांची फी यांतलं काय येतं, ते सहीनिशी लिहून घ्या. दाढ बसवल्याच्या दिवसाचा एक्स-रे स्वतःकडे ठेवा आणि पुढे दर वर्षी त्याच्याशी ताडून पाहायला सांगा. यावर दवाखाना कुरकुरला, तर दुसरा दवाखाना शोधा.

आम्ही आईच्या स्टिकरची लेखी मागणी केली, पोच घेतली. आधी फाइल सापडत नाही म्हणाले, आता फोन उचलत नाहीत. कार्ड, दोन्ही एक्स-रे आणि दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत जोडून तक्रार करतोय.