'कट्टर' लिहावं की 'निष्ठावंत'?

सप्ताहाच्या पत्रिकेत, मानपत्रात किंवा चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर कुणाच्या धर्मप्रेमाबद्दल लिहायचं झालं की आमच्या बेळगाव-खानापूरकडं 'कट्टर' हा शब्द आधी हाताशी येतो. 'धर्मांध' ही शिवी झाली, 'श्रद्धाळू' फिका पडतो, 'धर्मनिष्ठ' जरा पुस्तकी वाटतो. मग उरतात 'कट्टर' आणि 'निष्ठावंत' हे दोनच.

'कट्टर' वाईट आहे असं मी म्हणणार नाही. फलकावर तो ठसठशीत दिसतो. शिवाय सीमाभागात त्याला शेजारच्या भाषेचा टेकू आहे. कन्नडात 'कट्टा अभिमानी' म्हणजे पक्का चाहता, त्यात कौतुकच असतं. आमची पोरं तो शब्द त्याच प्रेमानं वापरतात.

मराठीत मात्र त्याची जुनी सोबत वैरी, शत्रू, विरोधक यांच्याशी. मला नडलं ते हेच. गावच्या सप्ताहाच्या पत्रिकेत मी वीणेकरी आजोबांच्या नावाआधी 'कट्टर वारकरी' घातलं. दोन्ही एकादश्या पाळणारा, आषाढीची वारी न चुकवणारा माणूस. छापलेली पत्रिका वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "मी कुणाच्या इरोधात हाय रं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून 'कट्टर' ऐकला की पाठोपाठ तो प्रश्न ऐकू येतो.

'निष्ठावंत' या शब्दाला समोर कुणी लागत नाही. तुकोबांनी 'निष्ठावंत भाव' हाच भक्तांचा स्वधर्म म्हटला. कन्नडातही तो शब्द जसाच्या तसा चालतो. लिंगायतांच्या षट्स्थलात, म्हणजे भक्तीच्या सहा पायऱ्यांत, दुसरं स्थल महेशाचं, आणि त्याची भक्ती ती निष्ठाभक्ती. म्हणजे शेजारच्या घरी पत्रिका दिली तर शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. निवडणूक आली की पक्षवाले हा शब्द तिकिटासाठी झिजवतात, तेवढा दोष मान्य.

युवक मंडळाचा फलक असेल आणि पोरं हट्टाला पेटली असतील, तर 'कट्टर' असू द्यावा. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं असेल, तर मी तरी 'निष्ठावंत'च घेईन.

पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत तोच घातला. आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. लिंगायत गल्लीतल्या पत्रिका तेवढ्या स्वतः वाटायला घेऊन गेले.