के-22 मास्टरपीस आणि त्याचे मूळ जोडसामान : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

स्मिथ अँड वेसन कंपनीचे के-22 मास्टरपीस हे .22 बोअरचे, सहा इंची नळीचे आणि सहा गोळ्यांचे जुने टार्गेट रिव्हॉल्व्हर गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या परवान्यावर चढले. सोबत त्याची निळी पुठ्ठ्याची पेटी, नेम धरण्याची साइट फिरवण्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर, नळी साफ करण्याची सळई, ब्रश आणि एक घडीचा छापील कागदही मिळाला. तेव्हापासून ते परभणीत सांभाळतो आहे आणि जमेल तसे छत्रपती संभाजीनगरला रेंजवर चालवतो आहे. आपल्या भागात असे काही घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याला उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे बाळगता येतात. खेळाडूंसाठीच्या सवलती वेगळ्या आहेत. पण माझ्यासारख्या हौशी माणसाला परदेशी संग्राहकांप्रमाणे एकाच मालिकेची दहा-बारा रिव्हॉल्व्हर मांडून ठेवता येत नाहीत. त्यामुळे इथे ज्याला संग्रह करायचा आहे, त्याने एकच हत्यार निवडावे आणि ते कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडले त्या रूपात, पेटी-कागदांसह, पूर्ण करण्याचा ध्यास घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यात जी खोली आहे ती संख्येत नाही, आणि कायद्याच्या चौकटीत ते निश्चिंतपणे करता येते.

माझे रिव्हॉल्व्हर हैदराबादच्या एका जुन्या घराण्यातून, परवानाधारक विक्रेत्यामार्फत आले. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यानंतर 45 दिवस थांबावे लागते, हे घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. घाई करणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहिलेले बरे. बाकी कागदपत्रांचा प्रवास जिल्ह्याजिल्ह्यात थोडा वेगळा असतो, त्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही.

घेताना सर्वांत जास्त वेळ मी ओळख पटवण्यावर घालवला आणि तो सत्कारणी लागला. के-22 मास्टरपीसची के अक्षराच्या क्रमांकांची मालिका दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आली आणि 1957 मध्ये कंपनीने नावांऐवजी मॉडेल क्रमांक सुरू केल्यावर तेच मॉडेल 17 झाले. माझ्या नगावर गोळ्यांचे फिरते सिलिंडर बाहेर काढल्यानंतर दिसणाऱ्या जागेत मॉडेल क्रमांक नाही, आणि बाजूच्या झाकणाचे चार व चापाच्या कमानीपुढचा एक असे पाचही स्क्रू जागेवर आहेत. वरचा स्क्रू 1950 च्या दशकाच्या मध्यात काढून टाकण्यात आला, म्हणजे हा नग त्याआधीचा ठरतो. के अक्षराने सुरू होणारा क्रमांक मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या लाकडी ग्रिपच्या, म्हणजे मुठीवरच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला असा चार ठिकाणी पाहायचा असतो. ग्रिप काढून, खिडकीशी नेऊन, तिरप्या उजेडात धरली तेव्हा लाकडातला पुसट क्रमांक उमटून दिसला आणि तो इतर तिन्ही ठिकाणच्या क्रमांकांशी जुळला. माझ्या दृष्टीने सौदा त्या क्षणी पक्का झाला.

दुसरी तपासणी ब्लूइंगची, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थराची. आपल्याकडे जुनी हत्यारे पुन्हा पॉलिश करून काळी करण्याची पद्धत सर्रास आहे, आणि वरवर पाहता असे हत्यार नव्यासारखे चकचकीत दिसते. पण या रिव्हॉल्व्हरचा घोडा आणि चाप कारखान्यातून केस-हार्डनिंगच्या (पोलादाचा पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेच्या) रंगात येतात, त्यांवर निळसर, तपकिरी आणि राखाडी छटा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. शिवाय रिकामी काडतुसे ढकलणारी चांदणी पांढरी, म्हणजे उघड्या पोलादाची असते. हे तिन्ही भाग एकसारखे काळे दिसले, अक्षरांच्या कडा बुजलेल्या असल्या किंवा स्क्रूंची भोके बशीसारखी खोलगट झाली असली, तर मूळ ब्लूइंग गेले असे समजावे. माझ्या नगाच्या नळीच्या टोकाला म्यानातून काढ-घाल केल्याची झीज आहे, ती मी तशीच ठेवली आहे. झिजलेले मूळ ब्लूइंग हे नव्या चकाकीपेक्षा केव्हाही मोलाचे.

आता वापराविषयी. सहा इंची नळी म्हणजे सुमारे 152 मिलिमीटर, आणि नेमबाजी स्पर्धांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारांत नियमाची कमाल लांबी 153 मिलिमीटर आहे, त्यामुळे तेवढ्यापुरती अडचण नाही. घोडा अंगठ्याने मागे ओढून, एकेक गोळी निवांत सोडायची असेल तर या रिव्हॉल्व्हरला तोड नाही. चाप हलतो आहे असे जाणवण्याच्या आतच तो सुटतो. पण म्हणूनच स्पर्धेत उतरवण्याआधी तो 1000 ग्रॅमचे वजन उचलतो की नाही हे तपासून घ्यावे. मागची साइट वरच्या आणि बाजूच्या स्क्रूने टिचक्या मोजत फिरते, आणि इतक्या वर्षांनंतरही प्रत्येक टिचकी बोटाला स्पष्ट कळते. पुढची चौकोनी माशी आणि मागची खाच यांच्यामधल्या प्रकाशाच्या दोन रेषा मराठवाड्याच्या प्रखर उन्हातही डोळ्यांना नेमक्या दिसतात, हे मला विशेष आवडले.

मात्र स्टँडर्ड पिस्तूल या प्रकारात पाच गोळ्यांची मालिका आधी 150, मग 20 आणि शेवटी 10 सेकंदांत संपवायची असते. दहा सेकंदांच्या मालिकेत प्रत्येक गोळीला घोडा ओढून पकड पुन्हा बसवणे हे आजच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासमोर टिकत नाही. ज्यांना गुणतक्त्यात वर जायचे आहे त्यांनी हे रिव्हॉल्व्हर घेऊ नये. ज्यांना एकेका गोळीचा विचार करायला शिकायचे आहे, त्यांनी अवश्य घ्यावे.

मूळ लाकडी ग्रिप, जिला मॅग्ना म्हणतात आणि जिच्या स्क्रूभोवती पत्त्यांतल्या चौकटीसारखा छोटा आकार सोडलेला असतो, ती दिसायला अतिशय देखणी आहे. पण चापाच्या कमानीमागची पोकळी ती भरत नाही आणि मोठ्या पंजाच्या माणसाचे मधले बोट तिथे अधांतरी राहते. त्या काळच्या नेमबाजांनाही ही अडचण होती, म्हणून टायलर टी-ग्रिपसारखे धातूचे छोटे अडॅप्टर निघाले. असा एक जुना अडॅप्टर मला मुंबईच्या एका संग्राहकाकडून मिळाला आणि तो बसवल्यानंतर पकड एकदम स्थिर झाली. कारखान्याच्या पेटीतली ही वस्तू नव्हे. तरीही ती त्याच काळातली आहे आणि मूळ ग्रिपला इजा न करता बसते, म्हणून माझ्या संग्रहात तिला मानाचे स्थान आहे.

सफाई या रिव्हॉल्व्हरला भरपूर लागते. .22 च्या मऊ शिशाच्या गोळ्या आणि त्यांवरचे मेण यांमुळे सिलिंडरच्या खोबणीत आणि चांदणीखाली काजळी साचते, आणि थोड्याच मालिकांनंतर काडतूस आत जाताना अंगठ्याने दाबावे लागते. तेव्हा थांबून कोरडा ब्रश फिरवला की काम पुन्हा सुरळीत होते. चांदणीखाली न जळलेल्या दारूचा एक कण जरी अडकला, तरी सिलिंडर जड फिरते आणि माणूस उगाच मोठ्या बिघाडाची शंका घेत बसतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढून सराव करू नये, कारण घोड्याच्या आघाताने पुढे येणारी, सांगाड्यात बसवलेली सुई काडतुसाऐवजी खोबणीच्या कडेवर आदळून तिथे खळगा पाडू शकते. सरावासाठी नकली काडतुसे घ्यावीत. बाजूचे झाकण उघडण्याची वेळ आलीच, तर ते स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके ठोकले की ते आपोआप वर येते.

पेटीतली सळई मी नळीत घालत नाही. रिव्हॉल्व्हरची नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते आणि सळई घासून तोंडाची कड झिजली तर नेम कायमचा बिघडतो. त्यासाठी प्लॅस्टिकचा लेप असलेली नवी सळई आणि तोंडावर बसणारी पितळी टोपी वापरतो. छोटा स्क्रूड्रायव्हर मात्र साइटसाठी वापरतो, कारण त्याचे पाते त्या खाचेत अचूक बसते. तो इतर कोणत्याही स्क्रूला लावत नाही.

आपल्या हवामानाने सर्वांत जास्त शिकवले. रिव्हॉल्व्हर सांभाळण्याविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक दमट प्रदेशांना धरून लिहिलेले असते, आणि त्यात सिलिका जेलवर फार भर असतो. परभणीचा एप्रिल-मे आधीच इतका कोरडा असतो की बंद कपाटात सिलिका जेल ठेवल्याने अक्रोडाच्या लाकडातला उरलासुरला ओलावाही जातो. ग्रिपची कड सांगाड्यापासून किंचित आत सरकलेली मला मे महिन्यात दिसली. तेव्हापासून जेलच्या पुड्या मृगाच्या आसपास ठेवतो आणि दिवाळीनंतर काढून घेतो. पावसाळ्यात ग्रिप आपोआप पूर्वपदावर आली. धातूवर रेनेसाँ वॅक्स या जुन्या वस्तू जपण्याच्या मेणाचा पातळ हात देतो, आतल्या भागांना शिवणयंत्राच्या हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. खोबरेल तेल मात्र चुकूनही लावू नये. थंडीत ते गोठते आणि कालांतराने चिकट होऊन धूळ धरते.

मूळ पेटी रिव्हॉल्व्हर ठेवण्यासाठी वापरू नये, हे मी आग्रहाने सांगेन. एक किलोहून जड असलेले हत्यार जुन्या पुठ्ठ्याचे कोपरे फाडते, पुठ्ठा दमट दिवसांत ओलावा धरतो, आणि आतला गंजरोधक कागद इतक्या वर्षांनी निष्प्रभ झालेला असतो. हीच गोष्ट चामड्याच्या म्यानाची. माझी पेटी आम्लविरहित कागदात गुंडाळून, भिंतीपासून लांब असलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, कारण आपल्याकडे जुन्या पुठ्ठ्याचे खरे शत्रू वाळवी आणि कसर हेच आहेत. पेटीच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक आता जेमतेम वाचता येतो. तो पूर्ण पुसला जाण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवले. पेटी याच रिव्हॉल्व्हरची आहे, याचा तोच एक पुरावा आहे.

निवडणुकीची आचारसंहिता लागल्यानंतर हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. त्या वेळी मी मूळ ग्रिप आणि अडॅप्टर काढून घरी ठेवतो, साधी रबरी ग्रिप बसवतो, मेणाचा हात जरा सढळ देतो आणि पावतीवर पूर्ण क्रमांक के अक्षरासह लिहिला आहे ना, हे पाहूनच ठाण्यातून निघतो.

सुटे जोडसामान घेताना सावध राहावे. रिकाम्या पेट्या आणि जुन्या ग्रिप अधूनमधून विकायला येतात, पण पेटीवरचा क्रमांक तुमच्या हत्याराचा नसेल तर ती फक्त त्या काळची पेटी असते, आणि तेवढेच मोल तिला द्यावे. तळाचा पेन्सिलीचा आकडा खोडून नवा लिहिलेला दिसला तर ती घेऊच नये. बाहेरदेशातून काही मागवण्याआधी, कायद्याने ती वस्तू शस्त्राचा भाग ठरते का, हे परवाना शाखेत लेखी विचारावे. माझ्या संचात आता ब्रशच्या जोडीतला दुसरा ब्रश आणि कारखान्याने हा नग कधी व कुठे पाठवला ते सांगणारे पत्र, एवढेच कमी आहे. असे पत्र स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन जुन्या नोंदींवरून देते, आणि त्यासाठी चारही ठिकाणच्या क्रमांकांची छायाचित्रे मी तयार करून ठेवली आहेत.