गळ्यातला व्हॉल्व्ह : अकरा महिने वापरल्यावर

आमचं भांडुपला सायकलचं दुकान आहे. जन्मभर लोकांची पंक्चर काढली आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्याच गळ्यात पंक्चर केलं. मस्करी नाही, त्याला पंक्चरच म्हणतात.

कॅन्सरमुळे स्वरयंत्र पूर्ण काढलं, त्यामुळे श्वास आता गळ्यावरच्या भोकातून, स्टोमातून. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला छेद देऊन सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बसवलाय, सायकलच्या ट्यूबसारखा एकतर्फी. स्टोमावर अंगठा दाबला की फुफ्फुसातली हवा त्यातून अन्ननलिकेत जाते आणि वरचा घशाचा भाग थरथरतो, तोच आवाज. बऱ्याच जणांना वाटतं व्हॉल्व्हच बोलतो, तसं काही नाही. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत ब्लॉम आणि सिंगर यांनी ही पद्धत आणली. त्याआधी जपानचे आसाई, इटलीचे स्टाफिएरी असे सर्जन पेशंटच्याच कातडीतून नाहीतर घशाच्या अस्तरातून वाट काढून द्यायचे, आवाज यायचा पण अन्नपाणी पण त्याच वाटेने फुफ्फुसाकडे. अडलं होतं ते झडपेवर.

आणि झडप म्हटली की लीकेज आलंच. पहिला व्हॉल्व्ह साडेतीन महिने चालला. एके सकाळी चहाचा घोट घेतला आणि असा ठसका लागला की स्टोमातून चहा बाहेर, बनियन खराब, बायको घाबरलेली. मग आम्ही दुकानातली ट्रिक वापरली, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा बघतो ना तसंच. ती टॉर्च धरून स्टोमात बघत बसली आणि मी कोकम सरबताचा एक छोटा घोट घेतला. लाल थेंब व्हॉल्व्हच्या मधून आला. मधून आला तर आतला झडपेचा पडदा गेला, व्हॉल्व्ह बदला. कडेने आला तर माप चुकलंय किंवा भिंतीतलं भोक सैल झालंय, ते जास्त किचकट. माझ्या पडद्यावर बुरशी चढली होती. ओपीडीत दहा मिनिटांत बदलला, भूल वगैरे काही नाही, डोळ्यांत पाणी मात्र येतं. दुसरा चार महिने टिकला, आता तिसरा चालू आहे. खर्च दर वेळी आहे, हे आधी कुणी नीट बोलत नाही.

रोज दोनदा ब्रश व्हॉल्व्हच्या आतून फिरवायचा, कंटाळा केला की भोगा. व्हॉल्व्ह बाहेर पडला तर उद्या बघू म्हणायचं नाही, भिंतीतलं भोक काही तासांत आवळायला लागतं, आणि पडलेला सापडला नाही तर आत श्वासनलिकेत गेला असेल, सरळ हॉस्पिटल. अजून एक, घरच्यांना शिकवून ठेवा की ऑक्सिजन लावायची वेळ आली तर मास्क गळ्यावर, तोंडावर लावून उपयोग नाही. मला एका ठिकाणी नाकातोंडावरच लावत होते, मी हातवारे करून दमलो.

आवाज कसा आहे? घोगरा, पण माझा. पहिले दोन आठवडे नुसती फुसफुस, अंगठा किती दाबायचा तेच कळेना, जोर केला की आवाज अजून अडकतो. स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी हळू बोलायला लावलं तेव्हा सुटला. लोकलच्या गर्दीत काही ऐकू जात नाही आणि एक हात कायम गळ्यावर, म्हणजे स्पॅनर धरून गिऱ्हाइकाशी बोलणं बंद.

'ह' मात्र निघतच नाही. गल्लीतली पोरं सायकल घेऊन येतात आणि लांबूनच ओरडतात, "काका, अवा भरा!"