युगांडातील मिशन-सेवेचे पंधरा दिवस

एका ख्रिस्ती संस्थेमार्फत युगांडाच्या मयुगे जिल्ह्यात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या एका खेड्यात, शाळकरी मुलांसाठी पंधरा दिवस सेवा करून मी काही महिन्यांपूर्वी परतलो. संस्थेचे नाव घेत नाही. अशा सेवेला जाऊ इच्छिणाऱ्यांना आधी काय विचारून घ्यावे हे कळले, तर या अभिप्रायाचे काम झाले.

जाण्यापूर्वीची तयारी मात्र चोख होती, हे आधी नोंदवतो. पोलीस पडताळणीचा दाखला आणि आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांचे शिफारसपत्र दिल्याशिवाय नाव नोंदले जात नव्हते, आणि कोणत्याही मुलासोबत एकट्या प्रौढाने थांबायचे नाही या नियमावर प्रत्येकाची सही घेतली गेली. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एन्टेबे विमानतळावर उतरताना तिचा दाखला दाखवावा लागतो, आणि हिवताप टाळण्यासाठी आम्हाला दिलेल्या गोळ्या परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या असतात, या सूचना वेळेवर मिळाल्या. व्हिसाचे ५० डॉलर वेगळे भरावे लागले. संस्थेचे शुल्क जवळपास विमानभाड्याइतके होते. त्यातले गावापर्यंत किती पोहोचते, हे मी पथकप्रमुखांना दोनदा विचारले. परतल्यावर कळवतो, असे ते म्हणाले होते. अजून कळवलेले नाही.

पहिले चार दिवस आम्ही बारा जणांनी शाळेच्या दोन वर्गखोल्या रंगवल्या. भिंतीवर बायबलमधले, महापुरात प्राण्यांना वाचवणारे नोहाचे तारू काढायचे ठरले होते, पण पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊनही आधीच्या पथकाने काढलेल्या जिराफाची मान खालून दिसत राहिली. शेवटी त्यालाच आम्ही तारवात घेतले. गावातले दोन तरुण रंगकामच करतात आणि ते दाराशी उभे राहून आमचे काम पाहत होते. युगांडात १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षण विनाशुल्क आहे, परंतु गणवेश, वह्या आणि दुपारची मक्याची पेज यांचा भार पालकांवरच पडतो. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे मागितले ते पेजेसाठी मक्याचे पीठ. आमच्या यादीत मात्र रंग होता.

सेवेतला खरा मोलाचा भाग माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेला आहे. सरोवराकाठच्या मुलांमध्ये बिलहार्झिया हा कृमीरोग सर्रास आढळतो. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडणारे सूक्ष्म जंतू पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून शरीरात शिरतात, आणि पाणी भरायला मुलांना रोजच सरोवरात उतरावे लागत असल्यामुळे औषध एकदा देऊन भागत नाही. प्राझिक्वांटेल या त्यावरच्या औषधाच्या गोळ्या देण्याच्या दिवशी वजनकाट्याऐवजी उंचीच्या खुणा केलेली एक काठी वापरतात. खुणा ९४ सेंटिमीटरपासून सुरू होतात, आणि मुलाचे डोके ज्या पट्ट्यात येईल तितक्या गोळ्या त्याला द्यायच्या. सहा-सात वर्षांचा एक मुलगा मोठ्यांच्या पट्ट्यात जाण्यासाठी टाचा उचलून उभा राहिला. आरोग्य स्वयंसेविकेने न बोलता त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला खाली दाबले, तेव्हा त्याच्या वाट्याला दीड गोळी आली आणि तिची चव कळल्यावर वाढीव अर्धी न मिळाल्याबद्दल त्याची काही तक्रार राहिली नाही. उपाशीपोटी ही गोळी दिली तर मुले ओकतात, म्हणून आधी पेज वाटली जाते, आणि ती शिजवणाऱ्या आया पहाटेपासून चुलीपाशी होत्या. त्या दिवशी आमचे काम वहीत नावे लिहिण्याचे आणि रांग सरळ ठेवण्याचे होते. मुलांची भाषा बोलणाऱ्या, कोणाचे मूल कोणते हे ओळखणाऱ्या आणि पुढच्या वर्षीही तिथेच असणाऱ्या त्या गावच्या आरोग्य स्वयंसेवकांना काय मिळते, हे शुल्क भरताना विचारायला हवे होते, असे मला तिथे वाटले.

एक गोष्ट श्रद्धावान म्हणूनही मला पटली नाही. गोळ्या वाटण्याआधी तासभर गीते आणि वचनाचा संदेश होता. प्रार्थनेला बसल्याशिवाय औषध नाही असे कोणी म्हटले नाही, हे खरे. परंतु रांग प्रार्थनेच्या मांडवातूनच सुरू होत होती आणि उशिरा आलेल्या एका आजीला दोन नातवंडांसह सर्वांत मागे उभे राहावे लागले. तीच सुवार्ता रविवारच्या तीन तासांच्या उपासनेत ढोलांच्या तालावर ऐकली, तेव्हा कसलाही संकोच वाटला नाही.

मुले फार लवकर जीव लावतात. दुसऱ्याच दिवशी माझे बोट धरून चालणाऱ्या मुलीने मला आधीच्या पथकातल्या कोणाचे तरी नाव घेऊन हाक मारली, आणि त्यानंतर मुलांसोबत फोटो काढून घ्यायची माझी हौस उरली नाही. संस्थेचा छायाचित्रकार मात्र रोज सोबत होता.

सर्वांत गंभीर तक्रार विश्रांतीच्या दिवसाची आहे. गोळ्यावाटपानंतर तीनच दिवसांनी आम्हाला त्याच सरोवरावर सहलीला नेले, आणि कार्यक्रमपत्रिकेत चक्क ‘पोहणे’ असे छापलेले होते. आठ जण पोहले. मी विजार दुमडून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि हे शहाणपण आहे अशी स्वतःची समजूत घातली. काठावर कपडे धुणाऱ्या बायका आमच्याकडे पाहून हसत होत्या. त्या का हसत असाव्यात, हे परतीच्या बसमध्ये आमच्यासोबतच्या परिचारिकेने विचारले, तेव्हा कोठे पथकप्रमुखांच्या लक्षात आले. संसर्ग तपासणीत दिसायला काही आठवडे जावे लागतात, म्हणून दोन महिन्यांनी मी रक्त तपासून घेतले आणि डॉक्टरांनी औषध लिहून दिले. माझ्या वाट्याला चार गोळ्या आल्या. त्या खरोखरच फार कडू असतात.